अडुळशाचं शेपूट

ताईचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते एका स्टीलच्या नळीबद्दल. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो. ग्लानीतून जागी होत तिने विचारलं, ‘‘पल्लवीनं कॉलम धुतला काय रे?’’

‘‘धुतला अशीन. पड तू आता.’’

‘‘अशीन नाही. इचार तिले.’’

पल्लवी तिची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, आणि कॉलम म्हणजे तीच नळी. तिथूनच फोन लावला. ‘‘हाव मामा, धुऊन टोपणं लावली, सांगा मॅडमले,’’ ती म्हणाली. ऐकून ताईने डोळे मिटले आणि पहाटे ती गेली. खरं सांगतो, मला त्या नळीचा राग आला. सख्खा भाऊ समोर बसलेला, आणि हिला पडलंय कॉलमचं...

सुनंदाताई बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. त्याआधी बरीच वर्षं हैदराबादला औषधांच्या कारखान्यात होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या गावी, धाडला परत आली आणि इथलीच झाली. पीएच.डी.चं राहून गेलेलं काम तिने पन्नाशीत काढलं. विषय काय, तर आमच्या बांधावरच्या अडुळशात औषधी अंश किती, ते मोजायचं. पाल्याचा अर्क यंत्र द्रावणाच्या धारेसोबत त्या बोटभर नळीतून दाबाने ढकलतं. आतले घटक एकेक करून बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा पडद्यावर एक डोंगर उमटतो. पण अडुळशाचा अंश नळीतल्या भुकटीला चिकटून रेंगाळायचा. डोंगराला लांबलचक शेपूट यायचं, आणि शेपूट असलं की मोजमापावर भरवसा नाही. मार्गदर्शक म्हणाले, दुसरी वनस्पती घ्या. ताई म्हणाली, ‘‘काऊन घेऊ?’’ विषय संपला.

मग तिने नव्या जातीचा कॉलम मागवला. माझं शिक्षण बारावी आणि धंदा बी-बियाण्यांचा, तरी तिने मला तो समजावलाच. भुकटीच्या कणाकणावर तेलकट साखळ्या उभ्या असतात. नुसत्या पाण्यात त्या अंग चोरून एकमेकींना चिकटतात. या नव्या साखळीत मात्र बुडाजवळच पाण्याशी पटणारा एक गट बसवलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे साखळी मोकळी उभी राहते आणि खालच्या भुकटीला चिकटायला अडुळशाला वाव उरत नाही.

‘‘म्हणजे सासरी राहून माहेर धरून ठेवणारी,’’ मी म्हणालो.

‘‘तसं समज. पण वर्गात सांगू नको कोनाले,’’ ताई हसली.

आजार कळल्यावरही तिने काम सोडलं नाही. शेपूट आखडलं होतं, पण डोंगर शेजारच्याला चिकटून यायचा. संध्याकाळी मी मोटारसायकल घेऊन तिला न्यायला जायचो. काम आटोपलेलं असायचं, ताईला उभं राहवत नसायचं, तरी कॉलम धुतल्याशिवाय निघणं नाही. आधी पाणी, मग ॲसिटोनायट्राइल नावाचं द्रावक, मग दोन्ही टोकांना टोपणं. हैदराबादला एकदा सणाच्या घाईत तिने साधा कॉलम नुसत्या पाण्यावर सोडला होता. परत येऊन बघते तर साखळ्या मिटलेल्या, त्यात काहीच थांबेना, सगळं धावत बाहेर.

‘‘हा तं पाण्यातही टिकते म्हनतेस ना?’’ मी चिडून म्हणायचो. ‘‘चाल ना घरी.’’

‘‘टिकते. पन द्रावणातला क्षार आत राह्यला तं नळी चोंदते. बस जरा.’’

बाहेरच्या बाकावर मी धुसफुसत बसायचो. डबा थंड व्हायचा. तिची घरी पडून राहायची वेळ होती, आणि मला ती तिथे घालवायची नव्हती.

परवा प्रयोगशाळेची तिच्याकडची किल्ली द्यायला गेलो. पल्लवी यंत्रापाशीच होती. ताईने दवाखान्यातून सांगितलेलं द्रावणाचं प्रमाण तिने लावलं होतं. ‘‘थांबा मामा, येऊन राह्यला.’’ पडद्यावर रेघ आडवी सरकत होती, मग उठली, वर गेली आणि तशीच सरळ खाली आली. वेगळा, एकटा डोंगर. शेपूट नाही. पल्लवी रडायला लागली. मीही रडलो. हे बघायला ताई हवी होती, एवढंच मनात येत राहिलं...

बऱ्याच वेळाने पल्लवी डोळे पुसत पर्स घेऊन उठली. ‘‘चला मामा, तुमाले उशीर होते. धाडची गाडी जाईन.’’

‘‘जाऊ दे,’’ मी म्हणालो. ‘‘आधी कॉलम धुऊन घे.’’

आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.