धनाजीचं शेवटचं बोलणं

अपेक्षा माझी विद्यार्थिनी. सोलापूरच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. तिच्या वर्षी वर्गात चौघंच होती. घरी मेंढरं, वडील बारमाही माळावर. बी.ए. झाल्यावर तिला एका ऑफिसात नोकरी लागली. लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघायचे, वाईट असतील ते काढून टाकायचे. दिवसाला आठशे व्हिडिओ. घरी तिनं 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगितलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्यापुढं एक व्हिडिओ आला. टेम्पो उलटलेला, खाली कमरेपर्यंत अडकलेला एक तरुण. भोवती गर्दी, आणि जो तो मोबाइल वर धरून उभा. तरुण म्हणत होता, "माज्या आईला फोन लावा की कुनीतरी." नंबर सांगत होता. दोनदा सांगितला, मग गप झाला.

अपेक्षानं नियमाप्रमाणं बटण दाबलं. व्हिडिओ गेला. पुढचा आला, कुणाच्या तरी वरातीतला नाच.

नंबर मात्र तिच्या डोक्यात राहिला. चहाच्या सुट्टीत तिनं तो लावला. कुणीतरी पुरुष बोलला, "धनाजी परवा गेला. तुमी कोन?" तिनं कसंबसं गाव विचारून घेतलं.

रविवारी ती मोहोळजवळच्या त्या गावी गेली. धनाजीची आई राजाबाई सोप्यात बसल्या होत्या.

"धनाजीच्या वळखीची का गं?"

"व्हय, मावशी."

"लोकं म्हनत्यात, जागच्या जागी गेला. तरास झाला न्हाय. तेवढंच बरं."

त्याचं शेवटचं बोलणं सांगायला आलेल्या अपेक्षानं ते ऐकून चहाचा कप हातात घेतला. चहा पिऊन उठली, तेव्हा राजाबाईंनी तिचा हात धरला. "जाताना माजी आटवन तरी काडली आसंल का गं त्येनं?"

तिच्यानं राहवलं नाही. "काडली, मावशी. आईला फोन लावा म्हनत हुता. नंबर सांगत हुता. मी व्हिडिओत बगितलं."

राजाबाईंचे डोळे भरून आले, चेहरा मात्र जरासा उजळला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हंजी बोलत हुता? लई मानसं हुती म्हनं तितं. मग कुनी लावला का न्हाय? फोन माज्या हातातच हुता की गं!"

त्या कपाळ बडवून घ्यायला लागल्या. गल्ली गोळा झाली. राजाबाईंचा दीर अपेक्षाला म्हणाला, "तुमी निगा आता."

तिथून ती थेट माझ्याकडं आली. "सर, खरं बोलले ते चुकलं का?"

बावीस वर्षं मी सत्य आणि करुणा हा धडा उदाहरणं देऊन शिकवतोय. मी तिला पाणी दिलं. 

पुढं ती प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकायला लागली. आठशेचे तीनशे झाले, महिन्याभरात तिला काढून टाकलं. आता ती चादरीच्या एका दुकानात असते. मोहोळकडं परत गेली नाही.

राजाबाई, असं कळतं, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारतात, "तू हुतास का तितं?" लोक आता त्यांच्या दारावरून जात नाहीत.