पुंडलिकशेठची ओ

चिंचणीत पुंडलिकशेठएवढा पैसा कुणाकडे नव्हता आणि त्याच्याएवढा भित्राही कुणी नव्हता. बापाने मागे दोन बोटी, नारळाची वाडी आणि बोईसरचा बर्फाचा कारखाना ठेवला होता. असा माणूस घरी लोळत पडला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण हा बाबा स्वतःच्याच बोटीवर, स्वतःच्याच तांडेलाच्या हाताखाली दोर ओढायला जायचा. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होता वामन, त्याचा लहानपणापासूनचा जिवलग.

वामन कुणाच्या बापाला भीत नसे. तो भांडणात उतरला की पुंडलिक त्याची चप्पल हातात धरून मागे उभा राहायचा, पळून मात्र जायचा नाही. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन पुंडलिकला पोहता येत नव्हतं. लहानपणी खाडीत गटांगळ्या खाताना वामननेच केस धरून त्याला बाहेर खेचलं होतं, तेव्हापासून पाण्याच्या भीतीने त्याच्या मनात घर केलं ते केलंच. बायको चंद्रकांता म्हणायची, "त्या वामनशीच लगीन लावायचं होतं, मला कशाला आणलीत?" तो कसनुसा हसायचा. खरं सांगायचं तर बोटीवर त्याचा जीव मुठीत असायचा, पण वामन दर्यात आणि आपण घरात, हे त्याहून भयंकर वाटायचं.

त्र्याऐंशीच्या पौषातली गोष्ट. खलाशी वाणगावला लग्नाला गेलेले. आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला सकाळी दोघंच निघाले. जाळं नवंकोरं, नायलॉनचं, पुंडलिकने हौसेने आणलेलं. त्याचं एक टोक बोटीला बांधलं, पण दुसरं कुठेतरी अडकलं होतं. "तू हितंच बस. मी सोडवून येतो," म्हणत वामन छोट्या होडीत उतरला आणि वल्हवत गेला.

आणि धुकं उतरलं. आधी किनाऱ्यावरच्या अणुकेंद्राची चिमणी दिसेनाशी झाली, मग किनारा गेला, मग वामनची होडी. पुंडलिकला स्वतःच्या बोटीचं नाळेकडचं, पुढचं टोकही दिसेना. पाणी बोटीला चुळुक चुळुक लागत होतं, तेवढाच आवाज. त्याने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"पुंडल्याऽ"

हाक वामनच्याच आवाजातली. पुंडलिकच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता हे शहरातल्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण दर्यावर आमच्याकडे नेम आहे. माणूस दिसत नसताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. बुडून मेलेले ओळखीच्या आवाजात बोलावतात, पण तिसऱ्यांदा बोलावणं त्यांना जमत नाही, असं म्हातारे सांगत आलेत. तिसरी हाक आली की समजायचं, जिवंत माणूस आहे.

"पुंडल्या, अरं..."

ही दुसरी. आवाज लांब गेला होता, घशात पाणी गेल्यासारखा. पुंडलिकने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आता तिसरी येईल. मार रे बाबा, तिसरी मार, मी ओ देतो.

तिसरी आलीच नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. भूत नसेल तर? ओहोटी लागली होती, बोट जाळ्याला अडकून जागीच उभी होती आणि वामन वाहत चालला होता. त्याने कोयता उचलला आणि जाळ्याचा दोर एका घावात तोडला. ते हौसेचं जाळं गेलं दर्याच्या घशात, त्याने वळूनही पाहिलं नाही. इंजिन हळू सुरू करून त्याने बोट ओहोटीबरोबर सोडली. पुंडलिक रडत, घसा फोडून ओ देत सुटला, "ओऽ वामन! मी हाय! ओऽ!"

अडकलेलं जाळं ओढताना पालथ्या झालेल्या होडीला वामन बिलगलेला सापडला. ओठ निळे, बोटं वळलेली. पुंडलिकने त्याला केसांना, बंडीला, मिळेल तिथे धरून वर ओढलं. मग भडकून म्हणाला, "तिसरी हाक का नाय मारलीस?"

वामनचे दात वाजत होते. "मारली असती तर तू पाण्यात उडी घेतली असतीस. तुला पोवता कुटं येतंय?"

पुंडलिक त्याची वळलेली बोटं चोळू लागला. आपण तर नुसत्या हाका मोजत बसलो होतो, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. पहिल्या दोन हाकांना तू कुठे होतास, असं वामननेही विचारलं नाही. आज विचारील, उद्या विचारील, ही धास्ती मात्र पुंडलिकच्या मानगुटीवर बसली ती बसलीच.

त्यानंतर वामनने हाक मारायचा अवकाश, अर्ध्या अक्षरावरच याची ओ तयार. जेवता जेवता ताटावरून उठायचा. गाव म्हणायचं, मैत्री असावी तर अशी. एकदा बंदरावर बायका-पुरुषांची गर्दी होती आणि वामनने स्वतःच्या मुलीला हाक मारली, "नलूऽ" म्हणून. ओ दिली ती पुंडलिकशेठने, तीही ठणकावून. अख्खं बंदर खो खो हसलं. एकटा वामन हसला नाही.