ताजी वेळ आणणारे मावसाजी

अख्ख्या वऱ्हाडात नक्की किती वाजले आहेत हे ठाऊक असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि ते म्हणजे आमचे मावसाजी. बाकी अकोला-अमरावतीची सारी जनता अंदाजपंचे जगत होती. गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. मावसाजी अकोल्यात एका शाळेत विज्ञान शिकवत आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात दोन खोल्यांत राहत. छप्पन साली आमच्या घराण्याने धम्म स्वीकारला आणि घरोघरची पंचांगं खिळ्यावरून उतरली. इतरांनी त्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या. मावसाजी मात्र रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "आता टाइम आपला आपनच काढू," आणि त्यांनी घड्याळ बनवायला घेतलं.

घड्याळही कसं, तर बिनकाट्यांचं. काट्यांवर त्यांचा फार राग. "काटा म्हनते, सव्वानवाच्या जवळपास. जवळपास म्हंजे का? मले आकडा पायजे!" मग तुपाचे रिकामे डबे कापून त्यांनी चार नळकांडी केली, त्यांवर पांढऱ्या रंगाने शून्यापासून आकडे काढले आणि लाकडी पेटीला चार खिडक्या पाडल्या. नळकांडी फिरत आणि खिडक्यांत नुसते आकडे दिसत. नऊ सोळा. नऊ सतरा. गल्लीतले लोक आकडा पलटताना बघायला येऊन बसत आणि पलटला की टाळ्या वाजवत. मावशीला तिखट ठेवायला डबा उरला नाही, ते सोडा.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. घड्याळ झालं, पण त्याला वेळ कोणाची द्यायची? मावसाजींनी वेळेसाठी स्थळं बघायला सुरुवात केली, आणि एवढी चौकशी त्यांनी पुढे जावयाचीसुद्धा केली नाही. पहिलं स्थळ गिरणीचा भोंगा. तो आठवड्यातच बाद झाला, कारण भोंगा वाजवणारा गडी आधी चहा संपवतो हे मावसाजी स्वतः जाऊन बघून आले. मग शेजारच्या रेडिओवरचे ठोके. पण ठोके पडायच्या नेमक्या क्षणी शेजारीणबाई गाण्यांसाठी सिलोन लावत. मग त्यांनी नळकांडी विजेच्या मोटारीवर चालवली. महिना दोन महिने घड्याळ असं चाललं की मावसाजींचे पाय जमिनीला लागेनात. पुढे कापसाचा हंगाम आला, जिनिंगची यंत्रं धडधडू लागली, वीज दमली आणि घड्याळ रोज मागे पडू लागलं. दुसरा कोणी हिरमुसला असता. मावसाजी सायकल हाणत आमच्याकडे अमरावतीला आले आणि दारातूनच ओरडले, "अरे, सरकी निंगाली का टाइम हळू होते! हे कोनाले मालूम होतं?" त्यासाठी त्यांनी ऐन उन्हात साठेक मैल सायकल चालवली होती.

मग मोटार काढून लंबक बसवला, आणि वेळ मिळवायला गच्चीवर काठी रोवून सूर्याला गाठलं. सूर्य माथ्यावर आला तर रेल्वेच्या घड्याळात बारा वाजून वीस-बावीस मिनिटं! देशाची वेळ अकोल्याच्या बऱ्याच पूर्वेला ठरते, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर येतो, हे त्यांनी आम्हाला पाटीवर समजावलं. शेवटी म्हणाले, "सूर्य मानूस चांगला आहे, पन टेसनाचं आयकत नाही."

अखेर वेळ सापडली ती स्टेशनातल्या तारघरात. रोज दुपारी चारच्या ठोक्याला साऱ्या लाइनीवर तारेतून इशारा येई. मावसाजी शाळेतून थेट तिथे जात, इशाऱ्यावर खिशातलं घड्याळ लावत, ते मुठीत धरत आणि एका हाताने सायकल चालवत सुसाट घरी येत. वाटेत कोणी हाक मारली की खेकसत, "कावून थांबवता बाप्पा? मुठीत टाइम आहे! शिळा टाइम मले चालत नाही!" एकदा त्यांचे हेडमास्तर समोर आले, त्यांनाही हेच ऐकावं लागलं.

अशात त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न अमरावतीच्या मुलाशी ठरलं. होणारे व्याही बैठकीत हसत म्हणाले, "मुहूर्त पाहाचा नाही म्हंता, मंग लगन लागन कवा? जेवनं झाल्यावर?" मावसाजींच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी पत्रिकेत छापून घेतलं, 'सकाळी ठीक दहा वाजता', आणि भर बैठकीत सांगितलं, "मुहूर्त नाही म्हनून उशीर झाला, असं कोनी म्हनून दाखवा. मिनिट हुकलं त हे घड्याळ मोर्नेत फेकीन." माणूस बोलला ते करणारा होता.

लग्नाच्या सकाळी घड्याळ ओट्यावरच्या भिंतीला टांगलं होतं. वऱ्हाड वेळेत आलं. पावणेदहालाच नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली, हार हातात, मेणबत्त्या तयार. सारा मांडव आकड्यांकडे बघत होता. नऊ सत्तावन्न. नऊ अठ्ठावन्न. तेवढ्यात मावशी मावसाजींच्या कानाशी लागली, "माय नाही आल्या अजून." माय म्हणजे मावसाजींची आई. दुसऱ्यांच्या शेतात निंदणखुरपण करून तिने त्यांना मॅट्रिक केलं होतं. शेळी व्यायची म्हणून ती गावी थांबली होती आणि सकाळच्या पहिल्या गाडीने येणार होती.

नऊ एकोणसाठ झाले. मावसाजी उठले, घड्याळाशी गेले आणि त्यांनी बोटाने लंबक धरला.

खिडक्यांतले आकडे नऊ एकोणसाठवरच थांबले. जरा वेळाने व्याह्यांनी मनगट बघितलं. "माह्या घड्याळात धा वाजून सात झाले, मास्तर."

"तुमचं घड्याळ पुढं आहे," मावसाजी वळूनही न बघता म्हणाले. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, पण बोट हललं नाही. व्याही काही बोलणार होते, पण त्यांनी एकदा त्या बोटाकडे बघितलं आणि मनगटावर बाही ओढून घेतली.

अठरा मिनिटांनी माय आली. गाडी भरलेली म्हणून ती पायी निघाली होती. लुगड्याला गुडघ्यापर्यंत धूळ, पदरात नातीसाठी बांधलेली बोरं. दारातच थबकून घाबरीघुबरी होत तिने विचारलं, "लगन लागलं का रे? उशीर त नाही झाला ना मले?"

"नाही माय," मावसाजी म्हणाले आणि त्यांनी बोट काढलं. "आताच धा वाजून राहिले."

आता माय नाही, मावसाजी नाहीत. माझ्या मनगटावर चांगलं घड्याळ आहे आणि मी सगळीकडे वेळेवर पोहोचतो. पोहोचावंच लागतं, माझ्यासाठी लंबक धरून उभं राहील असं कोणी आता उरलं नाही.