चाचींचे भरलेले गाल

आज नव्या मॉनिटरवर सगळे चेहरे आडवे ताणलेले दिसले आणि उचगावचे शिलाईवाले रहीमचाचा आठवले. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली होती, पण तिला ग्राफिक्स कार्डच ओळखता येईना. त्यामुळे पडद्यावर लावलेला चाचींचा शेवटचा फोटो रुंद दिसायचा. चाची जाऊन दोनच महिने झाले होते.

तासभर खटपट करून मी पडद्याचं खरं माप, म्हणजे रिझोल्यूशन, हाताने लिहून बसवलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि चाची दिसल्या. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले.

चाचांची कात्री हातातच राहिली. “पयल्यासारखं कर की. गाल भरल्यालं दिसत हुतं.”

“चाचा, हेच बरोबर हाय,” असं हसून म्हणत मी निघालो.

पहिल्यासारखं करायला मला एक मिनिटही लागलं नसतं.