धुराच्या पाइपाचं तोंड

जनरेटरच्या धुराच्या पाइपाचं तोंड मी मागच्या गल्लीकडं फिरवलं. एवढंच केलं. ऐकायला काहीच वाटत नाही ना? मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. पण हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि अजून वीज गेली की — हल्ली फार जात नाही — मी उगाच हात धुऊन येतो.

बारावीला दोनदा आपटलेला माणूस लातुरात करणार काय? डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांसाठी मी वसतिगृह काढलं. दारावर ठळक रंगवून घेतलं — 'शांत जागा, शुद्ध हवा'. लोडशेडिंगचे दिवस होते. संध्याकाळी ऐन अभ्यासाच्या वेळी वीज जायची, जनरेटर धडधडायला लागायचा आणि शुद्ध हवा काळी होऊन खालच्या खोल्यांत शिरायची. निलंग्याहून पोराला भेटायला आलेले एक वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, पोराला डॉक्टर करायला ठेवलंय, पेशंट न्हाई."

पोरं हसली. मीही हसलो — मला कुणी 'सर' म्हणालं की मी कशालाही हसायचो. दुसऱ्या दिवशी पाइपाचा वाकडा तुकडा आणला आणि मिस्त्री कशाला हवा म्हणून स्वतःच बसवला. अर्धी मिशी भाजली. पण खोल्यांत धूर येईना. पोरांनी टाळ्या वाजवल्या, उरलेल्या मिशीवर ताव देत मी त्या घेतल्या.

मागच्या गल्लीत कोण राहतं ते मला माहीत नव्हतं — असं म्हणता आलं असतं तर! पारूबाई राहायची. सकाळी माझ्याच मेसमध्ये भाकरी थापायची. भूकंपात दगडी भिंतीखाली तिचा थोरला गेला होता. तेव्हापासून पक्क्या छताखाली तिचा डोळा लागत नसे. म्हणून माझ्या भिंतीला लागून पत्र्याची खोली. भूकंपानंतर झालेली चिमी आता तिचं एकुलतं लेकरू, नुकती शाळेत जायला लागलेली. वीज गेली की गल्लीत मिट्ट अंधार, पण माझ्या मागच्या खिडकीतून उजेडाचा एक चौकोन खाली पडायचा. चिमी पाटी घेऊन नेमकी त्या चौकोनात बसायची. उजेड माझ्या जनरेटरचा. आता धूरही.

मी पाहिलं होतं. खिडकीतूनच पाहिलं — अक्षर गिरवता गिरवता ती खोकत होती. मोकळी जागा आहे, जाईल धूर उडून, असं म्हणालो. कुणाला म्हणालो? मग त्या खिडकीशी जायचंच सोडलं.

एक दिवस पारूबाई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, "मालक, चिमी लई खोकायलीय. डोकं दुखतंय म्हणती, ओकती बी. कशानं असंल?"

इथं माझी लेखणी अडते. कारण मला माहीत होतं — आणि तरी मी म्हणालो, "चुलीचा धूर, दुसरं काय! काडेपेटीएवढ्या खोलीत जाळ करता तुम्ही. पोरीला आत ठेवत जाऊ नको." वर धुराच्या दुष्परिणामांवर भाषणही ठोकलं.

माझं कुणी कधी ऐकत नाही. पारूबाईनं ऐकलं. त्या दिवसापासून चूल पेटवायची झाली की ती चिमीला बाहेर धाडायची — "जा माय, उजेडाला बस." म्हणजे आधी पाइप मी पोरीकडं वळवला आणि मग पोरगी पाइपाकडं पाठवली. परत फिरवता आला नसता का? आला असता. पण का फिरवला, असं पारूबाईनं विचारलं असतं. त्या एका प्रश्नाला मी भ्यालो.

एका संध्याकाळी चिमी पाटीवरच कलंडली. पारूबाई ओरडत होती, जनरेटरच्या आवाजात मला कळलंच नाही. वरून पोरांनी हाका मारल्या. मी धावलो — कुणीकडं? आधी जनरेटर बंद केला. मग हाताला काजळीनं माखलेलं फडकं गुंडाळून तो तापलेला पाइप आभाळाकडं वळवला, कुणी बघायच्या आत. माझ्या भिंतीपलीकडं एक लेकरू श्वासासाठी तडफडत होतं आणि मी पाइप वळवत होतो. चिमीला शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. मी मागून गेलो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसला धूर? पारूबाईनं माझ्याकडं पाहिलं — मी शिकलेला ना! "चुलीचा," मी म्हणालो. डॉक्टर तिला वाट्टेल तसं बोलले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

चिमी वाचली. पण पुढं ती कधी धड पळू शकली नाही. चार पावलं धावली की छातीला हात लावून खाली बसायची. पारूबाई आपल्या चुलीला शिव्या घालत राहिली. नंतर ती मुखेडकडं माहेरी निघून गेली, तिथंही घालत असेल. माझ्याकडची काही पोरं खरंच डॉक्टर झाली. त्यांचे फोटो दारावर आहेत.

आणि दवाखान्यातली ती घटका अजून माझ्या अंगावर येते. त्याच रात्री उशिरा चिमीच्या नाकावरची नळी काढली होती. पारूबाई डोळे पुसत तिला म्हणाली, "मालकाच्या पाया पड, माय. चुलीचं त्यांनीच सांगितलं व्हतं." मी मोठ्या मनानं खाली वाकलो, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. चिमीनं तो ढकलला आणि तोंड फिरवलं.

"आई, त्यो वास ह्यांच्याच हाताला येतोय. ह्यांना भाईर घालव."