लाइट गेली की शाळा

सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षी, जून महिन्यात, शाळा उघडून थोडेच दिवस झाले असताना माझ्या चुलत बहिणीने आपल्या दोन्ही मुलांना शाळेतून काढलं. मुलगी मुक्ता सातवीत होती, मुलगा चिनू पाचवीत. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा ताईने ‘प्रकृती’ असं सांगितलं. कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मुलांची प्रकृती उत्तम होती, ताईचीही होती. एवढंच, की नाशिक शहरात आजारांना तिच्याइतकं भिणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि तिचा निम्मा संसार आजारांवरच चालत होता.

इंदिरानगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून ती अमेरिकेतल्या डॉक्टरांची डिक्टेशन टाइप करायची. रोग्याला तपासून झालं की तिकडचे डॉक्टर त्याचं दुखणं बोलून ठेवत, त्या फाइली इंटरनेटवरून ताईकडे येत आणि ताई त्या ऐकून लिहून परत पाठवी. कानांवर हेडफोन, पायाखाली शिलाई मशीनसारखा पेडल. पेडल दाबला की डॉक्टर बोलायला लागे, सोडला की गप्प होई. रोग्यांना ती त्यांच्या गावावरून ओळखायची आणि घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायची. चिनूला सर्दी झाली तेव्हाचं आमचं बोलणं मला आठवतं. “ताई, साधी सर्दी आहे,” मी म्हणालो. “तिलाही साधी सर्दीच होती,” ती म्हणाली. “कोणाला?” “ओहायोच्या बाईला.” खालच्या मजल्यावरच्या काकूंचा बरेच दिवस असा समज होता की ताईचं सासर-माहेर अमेरिकेत पसरलेलं आहे. एकदा जिन्यात त्यांनी चौकशी केली, “काय म्हणतात तुमच्या ओहायोच्या?” ताई भाजीची पिशवी सावरत म्हणाली, “गेल्या हो. परवाच.” दुपारी काकू झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून त्यांनी पिठलं-भात करून आणला होता. ताईला खुलासा करणं जमलं नाही. रात्री घरातल्या चौघांनी ते पिठलं खाल्लं. मुक्ताच्या म्हणण्यानुसार ते चांगलं झालं होतं.

शाळा सुटायला कारण झाला तो असाच एक परगावचा मुलगा. चिनूच्याच वयाचा. सोमवारी शाळेत त्याचं डोकं दुखायला लागलं आणि गुरुवारच्या फाइलमध्ये डॉक्टर त्याच्याबद्दल भूतकाळात बोलत होते. ती फाइल ताई टाइप करत असताना चिनू दप्तर टाकून म्हणाला, “आई, डोकं दुखतंय.” उन्हातून आला होता, पाणी प्यायल्यावर राहिलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवायचा तिला धीर झाला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि त्यानंतर तिने मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. भावजी रेल्वेत, रोज इगतपुरीला जाऊन-येऊन करणारे. ते म्हणाले, “तू काम कधी करणार आणि शिकवणार कधी?”

या प्रश्नाचं उत्तर वीज मंडळाने दिलं. तेव्हा भारनियमन होतं. लाइट असली की ताई टाइप करी आणि लाइट गेली की शाळा भरे. त्यामुळे लाइट गेल्यावर उदास होणारी आणि पंखा फिरायला लागला की टाळ्या पिटणारी मुलं आमच्या भागात पुष्कळ असली, तरी तसं करण्यामागे गणित हे कारण असलेली ही दोनच. लाइट असताना घरात आवाज करायला बंदी होती. कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे भूक. भांडण पाटीवर लिहून करायचं. ‘तू माझा खोडरबर चोरलास’ याखाली ‘पुरावा दे’ असं उत्तर मी स्वतः वाचलं आहे. दोघांचं अक्षर त्या वर्षात सुधारलं. भूगोलात चिनूला अमेरिकेचे प्रांत तिथल्या दुखण्यांसकट पाठ होते. आमच्याच जिल्ह्यातलं निफाड कुठे आहे ते मात्र त्याने मला विचारून घेतलं. द्राक्षं मिठाच्या पाण्यात इतका वेळ पडून असत की ताटात येईपर्यंत त्यांची सालं सुटलेली असत. ताई त्यावर समाधानी होती.

मुलांनी या सगळ्यातून एक खेळ काढला होता, रिपोर्ट-रिपोर्ट. चिनू दिवाणावर आडवा होई, मुक्ता नाकातून आवाज काढत डॉक्टरसारखं बोले: रोगी अमुक वयाचा, तक्रार अमुक, कधीपासून, कुठे. हा खेळ बहुधा लाइट गेल्यावरच सुरू होई. सुरुवातीला ताई प्रत्येक रिपोर्ट खरा मानून चिनूला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेई. त्या वर्षी त्याला कावीळ, टायफॉइड, मलेरिया आणि एकदा संधिवात नसल्याचं सिद्ध झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “ताई, पोरगा ठणठणीत आहे. आजारी पडला की मी सांगेन. तुम्ही नका सांगू.” दवाखान्यात बसलेले लोक हसले. ते तिला लागलं. पाडव्याला मी गेलो तेव्हा श्रीखंड वाढताना ती म्हणाली, “मी घाबरणं सोडलंय.” “कधीपासून?” “आजपासून.” भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पुरी मागितली.

एप्रिलमधल्या एका सकाळी दहाच्या सुमारास लाइट गेली. पुढचं मला मुक्ताने सांगितलं आणि ताईने नाकारलेलं नाही. अपूर्णांक चालू होते. चिनू भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो म्हणाला, “रोग्याला काल संध्याकाळपासून बेंबीपाशी दुखतंय. आता उजवीकडे खाली सरकलंय. भूक नाही. एकदा उलटी झाली.” इतका नेटका रिपोर्ट त्याने याआधी दिला नव्हता. ताई म्हणाली, “छान. आता तीन छेद चारमधून एक छेद तीन वजा कर.” तरी तिने त्याला ओवा दिला, गरम पाणी दिलं. कपाळाला हात लावला नाही. लावला की आपण पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ, हे तिला ठाऊक होतं. चिनूने कुशीवर पडून सगळी गणितं केली. दुपारी तो म्हणाला, “आई, दुखायचं थांबलं. एकदम.” “बघ,” ताई म्हणाली, “अपूर्णांक संपले की रोगी बरा होतो.”

लाइट आली. ताईने हेडफोन लावले, पेडलवर पाय ठेवला आणि दाबला नाही. दुखणं एकदम थांबलं, हे वाक्य तिने आपल्या हाताने कितीदा टाइप केलं होतं, आणि त्याच्या पुढचं वाक्य काय असतं तेही तिला पाठ होतं. तिने उठून चिनूच्या पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं लागलं.

माझी ड्यूटी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी असे. फोनवर ती एवढंच म्हणाली, “रिक्षा घेऊन ये.” मी पोचलो तेव्हा चिनूला पांघरुणात गुंडाळून ती जिन्यात उभी होती. तो थरथरत होता. मुंबई नाक्याच्या हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्यावर त्या वेळी किती गतिरोधक होते ते मी सांगू शकणार नाही. प्रत्येकाला चिनूचे ओठ आत जात. रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, “हळू घेऊ का बेगीनं नेऊ, सांगा.” त्याने बेगीनं नेलं. चिनू मला म्हणाला, “मामा, आजचा खेळ नव्हता.” ताई बाहेर बघत होती. तिने ऐकलं का, ते मी विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये सर्जनने विचारलं, “कधीपासून दुखतंय?” जगातल्या सगळ्या पोटदुख्या जिला तोंडपाठ, तिच्या तोंडून शब्द फुटेना. मुक्ता पुढे झाली. “रोगी वय वर्षं दहा,” तिने सुरुवात केली, नाकातून, कारण तिला ते दुसऱ्या आवाजात सांगता येत नव्हतं. कालची संध्याकाळ, बेंबी, उजवी बाजू, उलटी, दुखणं थांबल्याची वेळ. सर्जनने तिला मध्ये थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “पाणी किती वाजता प्यायला?” तिने तेही सांगितलं.

भावजी इगतपुरीहून मिळेल त्या गाडीने आले, रेल्वेच्या युनिफॉर्मवरच. तोपर्यंत चिनूला आत नेलं होतं. ताई थिएटरच्या दाराशी भिंतीला लागून उभी होती. बाकावर जागा होती, मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “आत काय काय होतं ते मला सगळं माहिती आहे रे. तेच तर.” अंधार पडायच्या वेळी सर्जन बाहेर आले. अपेंडिक्स फुटलं होतं, पोट धुऊन काढलं होतं, दोन दिवस काही सांगता येणार नव्हतं. त्या दोन दिवसांत ताई चिनूच्या पायांशी बसली होती. ताप किती आहे हे भावजी विचारत, आणि नर्स सांगायला लागली की ताई कानांवर हात ठेवी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. चिनूने लिमलेटची गोळी मागितली, ती मिळाली नाही. भावजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “जूनमध्ये शाळा.” ताई म्हणाली, “हो.”

जूनमध्ये दोन्ही मुलं शाळेत दाखल झाली. ताईने डिक्टेशनचं काम चालू ठेवलं, फक्त सकाळच्या फाइली घेणं बंद केलं. सकाळी ती मुलांबरोबर शाळेत जाई आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी राही. पाऊस लागला की छत्री उघडून उभी राही. पहिल्या आठवड्यात वॉचमनने तिला घरी जायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने आपली खुर्ची बाहेर आणून ठेवली. “बसा मावशी,” तो म्हणाला, “मला तसंही उभंच राहायचं असतं.” ती बसली. सकाळी बाजारात जाताना मी वाट वाकडी करून तिथून जात असे, त्यामुळे हे सगळं माझ्या पाहण्यातलं आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती रोज येत होती.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी खुर्चीवर वॉचमन बसला होता.