बंदूकवाल्यांचा सल्लागार

पार्ल्याच्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. शेवटच्या काही वर्षांत पुस्तकं द्यायचं काम कमी झालं आणि मुलांना इंटरनेटवरच्या कुठल्या माहितीवर विश्वास ठेवावा हे सांगायचं काम वाढलं. त्यासाठी मी सात प्रश्नांची एक यादी केली होती. संस्था कोणाची, लिहिणारा कोण, मजकूर कधीचा, संदर्भ दिलेत का, भाषा शुद्ध आहे का, असे प्रश्न. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी ती यादी फ्रेम करून मला दिली आणि मी ती हॉलमध्ये, पाहुण्यांना बसल्या जागेवरून वाचता येईल अशी लावली. बायको म्हणाली, "देवाचा फोटोसुद्धा आपण इतका समोर लावलेला नाही."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. मागच्या वर्षी त्यांच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. पार्किंगमधून शांतपणे चालत गेला, एका स्कूटरपाशी जरा थांबला आणि भिंतीवरून पलीकडे. बस्स, एवढंच. पण सोसायटीच्या ग्रुपवर त्यानंतर आठवडाभर युद्ध चालू होतं. त्या धामधुमीत कोणीतरी एक लिंक टाकली. सामान्य माणसाला बंदूक बाळगायचा हक्क असावा असा प्रचार करणाऱ्या एका संस्थेची.

रविवारी मेहुणा घरी आला. त्याच्या फोनवर अशा दोन संस्था उघडलेल्या होत्या.

"भावोजी, तुम्ही सांगा यातली खरी कुठली. तुम्ही ओके म्हणालात की मी मेंबर होतो आणि लायसनला अर्ज करतो."

"मला दोन दिवस दे," मी म्हणालो. काम वीस मिनिटांचं होतं. पण तज्ज्ञ माणसाने वीस मिनिटांत उत्तर दिलं तर त्याला कोण विचारतो?

एक सांगायला हवं. बंदूक या वस्तूशी माझं काही जमत नाही. दिवाळीत शेजारची मुलं टिकल्या फोडायला लागली की मी खिडकी लावून घेतो. त्यामुळे या कामात मला स्वतःच्या निःपक्षपातीपणाचं फार कौतुक वाटायला लागलं. आवडत नसलेल्या विषयाकडे मी किती समतोल नजरेने बघतोय, असं मला त्या दोन दिवसांत निदान चार वेळा वाटलं.

पहिल्या संस्थेचं संकेतस्थळ देखणं होतं. उद्दिष्टं, कार्य, सल्लागार मंडळ, सगळं जागच्या जागी. प्रत्येक लेखाखाली बारीक अक्षरांत संदर्भ. आणि शुद्धलेखन! एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. पार्ल्यात वाढलेल्या माणसाला दीर्घ ऊकार योग्य जागी दिसला की त्याचा मनुष्यजातीवर विश्वास बसतो. मी त्यांना तीन प्रश्नांचं पत्रही पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. 'आदरणीय महोदय, इतके मूलगामी प्रश्न आम्हांला आजवर कोणी विचारले नव्हते.' पुढे माझा अल्प परिचय आणि एखादं छायाचित्र मागितलं होतं, संदर्भासाठी. मी निरोप समारंभातला शालीसहित फोटो पाठवून दिला. माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं त्या पत्रात कुठेच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. 'मूलगामी' या शब्दापाशीच मी रेंगाळलो होतो.

दुसऱ्या संस्थेचं पान पिवळ्याजर्द रंगाचं, वर लाल अक्षरं. 'बंदुक परवाणा धारक व ईच्छुक यांचे साठी.' एवढ्या एका ओळीत मी पाच चुका मोजल्या आणि पुढचं वाचण्याचा उत्साह संपला. तरी लाल अक्षरांतली पहिली सूचना डोळ्यांखालून गेली होती. 'आमचे कीवा कोनाचेही सभासद कार्ड घेऊन पोलीसात जाऊ नका. त्याचा काडीचा उपयोग नाही. जो सांगतो तो खोटे सांगतो.' खाली एका माणसाचा मोबाइल नंबर. बाकी कोणाचा पत्ता नाही, मंडळ नाही.

पहिलीला मी दहापैकी नऊ गुण दिले, दुसरीला दोन. त्या दोनातला एक, नंबर द्यायचं धाडस केलं म्हणून. कागद टाइप करून, सही करून मेहुण्याला दिला.

पंधरा दिवसांनी दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"भावोजी, जरा इकडे पोलीस स्टेशनला येता का?"

"काय झालं?"

"झालं काही नाही. साहेब म्हणतायत, ज्यांनी सांगितलं त्यांना बोलवा."

मी रिक्षाने मुलुंड गाठलं. मेहुणा एका बाकावर बसला होता, मांडीवर सोनेरी कडा असलेलं एक प्रमाणपत्र. त्या संस्थेने सभासदांना ते पाठवलं होतं आणि ते दाखवलं की परवान्याच्या अर्जाला प्राधान्य मिळतं, असं कळवलं होतं. टेबलामागचे अधिकारी चाळिशीचे, शांत माणूस होते.

"काका, बसा," ते म्हणाले. "हे आमच्याकडे या महिन्यातले तिसरे. हा कागद घरात भिंतीवर छान दिसेल. इथे त्याचा उपयोग नाही. यांच्या जिवाला कोणापासून धोका आहे, विचारलं मी. तर म्हणतात, बिबट्या."

"कॅमेऱ्यात आलाय साहेब," मेहुणा म्हणाला.

"आला असेल ना. पण त्याला गोळी घातलीत तर आत तुम्ही जाल. तो नाही." मग त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. "आता मला सांगा, हे तुम्हीच का?"

पहिल्या संस्थेचं सल्लागार मंडळ होतं. दुसऱ्या ओळीत शाल पांघरून मी. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ ग्रंथालयशास्त्रज्ञ व शस्त्रविषयक विचारवंत.'

मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती, शाल अंगावर नसली तरी चेहरा तोच होता.

"तुमच्याकडे हत्यार कुठलं आहे?"

"विळी आहे," मी म्हणालो. मला खरंच दुसरं काही सुचलं नाही. बाजूच्या टेबलावरच्या हवालदार बाई तोंडावर रुमाल धरून उठून गेल्या.

साहेबांनी आम्हाला चहा पाजला आणि सोडलं. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "तुमचा कागद वाचून माझं फिफ्टी-फिफ्टी होतं. पण मग साइटवर तुमचा फोटो दिसला. म्हटलं, भावोजी स्वतः आत आहेत म्हणजे विषयच संपला."

घरी गेलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. संदर्भ उघडून बघितले. संदर्भ आहेत की नाहीत हे मी तपासलं होतं, त्यांत काय आहे ते नव्हतं बघितलं. बरेचसे त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर नेत होते, आणि ते दुसरं पान परत पहिल्यावर आणून सोडत होतं. काही उघडतच नव्हते. एक थेट एका दुकानात गेला. एअरगन, मिरचीचा फवारा, बंदूक ठेवायची लोखंडी कपाटं. दुकानाचा पत्ता आणि संस्थेचा पत्ता एकच.

सल्लागार मंडळात माझ्या शेजारी घाटकोपरचे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. एका परिसंवादात आमची ओळख झाली होती. त्यांना फोन लावला.

"अहो, मला पण त्यांनी फोटो मागितला," ते म्हणाले. "मी जरा साशंक होतो. पण यादीत तुमचं नाव बघितलं. म्हटलं, इतका चिकित्सक माणूस आहे तर पारखूनच गेला असेल."

फोन ठेवल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्या दुसऱ्याचं काय? ज्याला दोन दिलेत?"

त्या दुसऱ्याचा नंबर मी दुसऱ्या दिवशी लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी म्हणालो, मला आपल्या संस्थेविषयी माहिती हवी आहे. तो म्हणाला, "संस्था-बिंस्था काय नाय. मी एकटाच आहे. मनोरीला राहतो. या कधी पण."

पुढच्या शनिवारी मेहुणा आणि मी मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. जेट्टीपासून चालत दहा मिनिटांवर त्याचं घर. अंगणात पांढरा रंगवलेला क्रूस, त्याच्यावर ताजी फुलं, बाजूला वाळत घातलेलं सुकट. सत्तरी ओलांडलेला, तुकतुकीत काळा, चड्डी आणि गंजीफ्रॉकमधला माणूस. गावातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला. त्याच्या बायकोने चहाबरोबर गरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोडसर गोळे, आणून ठेवले.

आजोबांच्या वेळी त्यांची भातशेती होती आणि रानडुकरं यायची, म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला होता. तो बापाकडे आला, मग याच्याकडे. शेती गेली, डुकरं गेली, बंदूक राहिली. परवान्याचं नूतनीकरण करताना दर खेपेला त्याला इतके हेलपाटे पडायचे की चिडून त्याने हे पान सुरू केलं. दुसऱ्याला तरी कळावं, कुठे कुठला कागद लागतो.

"साध्या माणसाला बंदूक ठेवू द्यायला पाहिजे, असं मला वाटतं," तो म्हणाला. "तुम्हाला नसेल वाटत. ठीक आहे."

"मला नाही वाटत," मी म्हणालो.

"मग तुम्ही माझं पान वाचलंच नाय. खालपर्यंत गेला असता तर आवडलं असतं तुम्हाला."

त्याने फोनवर पान काढून मला वाचायला दिलं. सगळ्यात खाली, तशाच चुकांनी भरलेल्या मराठीत, त्याने आपल्या घरची गोष्ट लिहिली होती. तो अठरा वर्षांचा असताना धाकट्या भावाने बंदूक रिकामी आहे असं समजून खुंटीवरून काढली. बार उडाला. छर्रे स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत घुसले. चौकटीला टेकून आई मासे साफ करत होती. तिला काही झालं नाही, पण पुढे ती त्या दाराशी कधी बसली नाही. भाऊ त्यानंतर वर्षभर जेवायला बाहेर ओटीवर बसायचा.

"हे तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं," मी म्हणालो.

"जाणारच ना. पण झालंय ते. लपवलं तर बाकीचं का कोण खरं मानेल?"

मी खिशातून चष्म्याचा रुमाल काढला आणि गरज नसताना काचा पुसल्या. या माणसाच्या वेलांट्या मोजून मी त्याला नापास केलं होतं. मजकूर वाचायचा राहून गेला होता. बत्तीस वर्षं मुलांना जे शिकवलं ते बहुधा शुद्धलेखनच होतं.

मेहुण्याने मात्र संधी साधली. "काका, मग मी घेऊ का बंदूक? आमच्याकडे बिबट्या येतो."

म्हाताऱ्याने उलट विचारलं, "तुमचा कचरा कुठे टाकता?"

"मागच्या गेटला."

"तो उचला पहिला. कचऱ्याला कुत्रे येतात, कुत्र्यांना तो येतो. बंदूक काय करणार त्यात?"

बंदुकीचा पुरस्कर्ता म्हणून ज्याच्याकडे गेलो त्याने झाडू हातात दिला, हे परतीच्या फेरीत मेहुण्याला झेपत नव्हतं. पण त्याने सोसायटीच्या सभेत विषय मांडला. कचऱ्याचे डबे आत आले, मागच्या भिंतीला दिवे लागले. बिबट्या त्यानंतर एकदाच दिसला, भिंतीच्या पलीकडून, आणि आत वळला नाही. ते सोनेरी प्रमाणपत्र मेहुण्याच्या मुलीने पाठकोरं म्हणून चित्र काढायला घेतलं.

सल्लागार मंडळातून माझं नाव काढायला पाच पत्रं लिहावी लागली. सहाव्या आठवड्यात त्यांनी मला 'माजी सल्लागार' या शीर्षकाखाली हलवलं. फोटो तोच. घाटकोपरच्या प्राध्यापकांना माझ्या शेजारीच बसवलंय. आम्ही दोघांनी आता तो नाद सोडला आहे.

मनोरीच्या माणसाशी अधूनमधून बोलणं होतं. आमचं बंदुकीबाबत एकमत झालेलं नाही आणि होईलसं वाटत नाही. निवडणूक आली की परवानाधारकांनी बंदूक पोलिसांकडे जमा करायची असते. यंदा निकाल लागून बरेच दिवस झाले तरी त्याची परत मिळेना. त्याने मला फोन केला.

"तुम्ही शिकलेले आहात. एक अर्ज लिहून द्या ना चांगला."

मी दोन तास बसून दीड पानी अर्ज लिहिला, आजोबांच्या परवान्यापासून सगळा इतिहास घालून. बायकोने तो वाचला आणि विचारलं, "एका माणसाला बंदूक परत मिळावी म्हणून इतकं पोटतिडकीने कोण लिहितं?"

आठवड्याने त्याचा फोन आला. बंदूक मिळाली होती. मी त्याचं अभिनंदन केलं आणि ती रिकामी आहे का, असं दोनदा विचारलं.